अमेरिकेतलं तेलबिया अनुदान: पैसे पिकाला मिळतात की जमिनीच्या कागदाला?

नॉर्थ डकोटा राज्याच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेला लागून कॅव्हेलियर नावाची काऊंटी आहे. वस्ती विरळ, हिवाळा कडाक्याचा आणि उन्हाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅनोलाची पिवळी शेतं. अमेरिकेतला ८० टक्क्यांहून अधिक कॅनोला एकट्या नॉर्थ डकोटात पिकतो. अशा ग्रामीण काऊंटीतल्या तेलबिया उत्पादकांना सरकारकडून किती पैसे मिळाले, हे जगाच्या पाठीवर कुठेही बसून पाहता येतं. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था १९९५ पासूनच्या सरकारी नोंदी काऊंटीवार, वर्षवार आणि चक्क नावानिशी मांडते.

हे आकडे पाहून माणसं लगेच दोन तट करतात. एक म्हणतो, अडचणीतल्या शेतकऱ्याला मदत झाली, चांगलं झालं. दुसरा म्हणतो, श्रीमंत देशातल्या श्रीमंत शेतकऱ्यांची चंगळ आहे. आकडा नेमका कशाचा आहे, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. या अनुदानाचा मोठा भाग त्या शेतकऱ्याने त्या वर्षी काय पेरलं, किती पिकवलं आणि किती गमावलं यावर ठरतच नाही. तो जमिनीच्या जुन्या नोंदीवर, काऊंटीच्या सरासरीवर आणि देशभरच्या सरासरी भावावर ठरतो. एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडतं.

आधी व्यवस्था कशी आहे ते पाहू. अमेरिकेत राज्याखालचा प्रशासकीय घटक म्हणजे काऊंटी, आणि अशा ३,००० हून अधिक काऊंट्या आहेत. शेतीखात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी आपल्या दोन हजारांहून अधिक स्थानिक कार्यालयांतून कारभार पाहते. शेतकरी दरवर्षी तिथे जाऊन कोणत्या तुकड्यात काय पेरलं याची नोंद करतो, योजनेत नाव घालतो, सह्या करतो. कार्यालयावर देखरेख ठेवणारी काऊंटी समिती शेतकऱ्यांनीच मतदानाने निवडलेली असते. पैसा मात्र काऊंटीचा नसतो. तो येतो १९३३ साली स्थापन झालेल्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाकडून, ज्याला देशाच्या तिजोरीतून ३० अब्ज डॉलरपर्यंत उचल घेता येते. म्हणजे दर ठरतात वॉशिंग्टनमध्ये, कागद होतात काऊंटीत.

तेलबिया या पंगतीत उशिरा बसल्या

गहू, मका, कापूस आणि तांदूळ ही पिकं १९३० च्या दशकापासून सरकारी आधाराची. सोयाबीन, सूर्यफूल, कॅनोला, जवस, करडई, मोहरी, तीळ यांना तेवढा मान नव्हता. १९९६ च्या शेती कायद्याने जुन्या पिकांना दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं ठरवलं, त्यातूनही तेलबिया वगळल्या गेल्या. त्यांच्या वाट्याला आली फक्त माल तारण कर्जाची सोय.

ही सोय हुशारीने रचलेली आहे. कापणी झाली की शेतकरी माल तारण ठेवून सरकारकडून नऊ महिन्यांचं कर्ज काढतो. कर्जाचा दर कायद्याने ठरलेला असतो. सोयाबीनसाठी तेव्हा तो बुशेलमागे ५.२६ डॉलर होता (सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो). भाव चढला तर माल विकून कर्ज फेडायचं. भाव कर्जाच्या दराखाली गेला तर सरकार कमी रकमेवर कर्ज मिटवून घेतं, आणि तसंही जमलं नाही तर माल देऊन मोकळं होता येतं. कर्जाच्या भानगडीत न पडता नुसता फरक रोख उचलायचीही मुभा असते. त्यासाठी सरकार प्रत्येक काऊंटीचा भाव रोज जाहीर करतं आणि कोणत्या दिवशीचा फरक घ्यायचा हे शेतकरी निवडतो. कापणीच्या हंगामात भाव पडलेला असताना फरक खिशात घालायचा, माल कोठारात ठेवायचा आणि भाव वाढल्यावर विकायचा, हे पूर्णपणे नियमात बसतं. शेतकऱ्याच्या हाती निवड देणारी ही तरतूद मला या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात समंजस वाटते, कारण ती प्रत्यक्ष पिकलेल्या मालावर चालते.

१९९८ नंतर भाव कोसळले. सोयाबीन पाच डॉलरच्या खाली आलं आणि फरकाच्या रकमा फुगल्या. गव्हा-मक्याच्या शेतकऱ्यांना वर ठरावीक रक्कमही मिळत होती, तेलबियावाल्यांना नाही. त्यांच्या प्रतिनिधींनी आवाज उठवला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९९ च्या पिकासाठी ४७.५ कोटी आणि २००० च्या पिकासाठी ५० कोटी डॉलर खास तेलबियांसाठी दिले. जुन्या तक्त्यांत 'तेलबिया कार्यक्रम' असं स्वतंत्र शीर्षक दिसतं, ते या काळातल्या वाटपाचं. नंतरच्या वर्षांत ते शून्यावर आलेलं दिसतं, म्हणून तेलबियांची मदत बंद झाली असं समजू नये. २००२ च्या कायद्याने तेलबियांना मुख्य योजनेतच घेतलं आणि रक्कम दुसऱ्या रकान्यात गेली.

२००२ पासून सोयाबीनला बुशेलमागे ४४ सेंट आणि इतर तेलबियांना पौंडामागे ०.८ सेंट असा थेट हप्ता सुरू झाला. भाव चढो वा उतरो, पेरा वा पेरू नका, हप्ता चालूच. २०१२ च्या दुष्काळानंतर सोयाबीन १४ डॉलरच्या वर गेलं तरी तो मिळत होता. ज्याच्या घरात विक्रमी भाव आला त्याला सरकारने आणखी पैसे का द्यावेत, या प्रश्नाला पटेल असं उत्तर कोणाकडेच नव्हतं. २०१४ च्या कायद्याने तो बंद झाला आणि आज चालू असलेल्या दोन योजना आल्या. त्यांकडे वळण्याआधी एक कळीचा शब्द समजून घ्यावा लागतो.

बेस एकर म्हणजे काय

समजा एका शेताची नोंद आहे: सोयाबीन, २०० बेस एकर. याचा अर्थ तिथे आज २०० एकर सोयाबीन उभं आहे असा नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या जुन्या वर्षांत त्या जमिनीवर सरासरी तेवढं सोयाबीन पेरलं जात होतं, एवढाच त्याचा अर्थ. तेलबियांसाठी ही नोंद करायची संधी २००२ च्या कायद्याने दिली आणि त्यासाठी १९९८ ते २००१ ची पेरणी धरली. २०१४ मध्ये २००९ ते २०१२ च्या पेरणीच्या प्रमाणात पिकांची आपापसात फेरवाटणी करता आली, पण एकूण एकर वाढवता आले नाहीत. बेस एकर जमिनीला चिकटलेले असतात, माणसाला नाही. जमीन विकली की तेही नव्या मालकाकडे जातात.

आज त्या २०० एकरांत मालकाने मका लावला, मसूर लावली, तरी सोयाबीनच्या भावाशी बांधलेलं अनुदान त्याला मिळतं. उलट, ज्याच्या जमिनीवर त्या जुन्या वर्षांत सोयाबीन नव्हतं आणि जो गेली दहा वर्षं इमानाने सोयाबीन पिकवतो आहे, त्याला या दोन योजनांतून सोयाबीनचा एक सेंटही मिळत नाही. देशात सोयाबीनची लागवड दरवर्षी आठ कोटी एकरांच्या आसपास असते. सोयाबीनचे बेस एकर त्याहून बरेच कमी आहेत.

असं का केलं? कारण आहे. पेरलेल्या एकरावर पैसे दिले तर ज्या पिकाला जास्त पैसे तेच पीक सगळे पेरतात, माल वाढतो, भाव आणखी पडतो आणि सरकारला आणखी पैसे द्यावे लागतात. हे चक्र अमेरिकेने आधीच्या दशकांत भोगलेलं आहे. पेरणीशी न जोडलेलं अनुदान आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांतही कमी आक्षेपार्ह ठरतं. तर्क बरोबर आहे. पण त्याची किंमत अशी की मदत आणि गरज यांची फारकत झाली, आणि ती शेताच्या बांधावर उभं राहिलं की डोळ्यांत खुपते.

२००६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने शोधून काढलं होतं की २००० पासून किमान १३० कोटी डॉलर शेतीच न करणाऱ्या लोकांना गेले. टेक्ससमध्ये जुन्या भातशेतीच्या जमिनीवर घरांसाठी प्लॉट पडले होते, आणि तिथे राहायला आलेल्यांना जमिनीच्या जुन्या नोंदीपोटी पैसे मिळत होते. पुढे नियम थोडे आवळले. २०१८ च्या कायद्याने, ज्या शेतावर २००९ ते २०१७ या सगळ्या काळात फक्त गवत किंवा कुरण होतं, त्याच्या बेस एकरांवरचं अनुदान थांबवलं.

भावाची योजना, म्हणजे पीएलसी

दोन योजनांपैकी ही समजायला सोपी. कायदा प्रत्येक पिकाचा एक आधारभाव ठरवतो. सोयाबीनसाठी तो २०१४ पासून ८.४० डॉलर होता, जुलै २०२५ च्या कायद्याने १० डॉलर झाला. सूर्यफूल, कॅनोला, जवस, करडई, मोहरी, तीळ वगैरे 'इतर तेलबिया' एकाच दराखाली येतात. त्यांचा आधारभाव पौंडामागे २०.१५ सेंट होता, तो २३.७५ सेंट झाला. भुईमूग तेलबिया असला तरी त्याचा हिशेब पूर्ण वेगळा ठेवतात.

देशाचा वर्षभराचा सरासरी बाजारभाव आधारभावाच्या खाली गेला की फरक मिळतो. आधीच्या काही वर्षांत भाव चढे असतील तर कायद्यातल्या सूत्राने आधारभाव थोडा वरही सरकतो, पण उदाहरणासाठी तो १० डॉलरच धरू. समजा सरासरी भाव ९.५० निघाला. फरक ५० सेंट. आपल्या शेताचे २०० बेस एकर आहेत आणि नोंदीतलं उत्पन्न एकरी ४० बुशेल आहे. हेही जुन्या नोंदीतलं उत्पन्न, यंदाचं नाही. पन्नास सेंट गुणिले ४० म्हणजे एकरी २० डॉलर. पैसे फक्त ८५ टक्के बेस एकरांवर मिळतात, म्हणजे १७० एकरांवर. एकूण ३,४०० डॉलर. त्यातून सरकारी खर्चकपातीच्या कायद्यानुसार ५.७ टक्के कापले जातात आणि हाती साधारण ३,२०० येतात.

पूर्ण गणितात त्या शेतकऱ्याचं यंदाचं पीक कुठेही आलं नाही. त्याने माल कोणत्या भावाने विकला हेही आलं नाही. आगाऊ सौदा करून त्याने ११ डॉलरने विकला असेल तरी पैसे मिळतील, आणि गरजेपोटी ८.५० ला काढला असेल तरी तेवढेच.

काऊंटीची योजना, म्हणजे एआरसी

दुसरी योजना भाव आणि उत्पन्न दोन्ही पाहते, पण उत्पन्न पाहते ते काऊंटीचं. आपल्याकडच्या पीकविम्यात महसूल मंडळाच्या सरासरीवर भरपाई ठरते, त्याच जातीची ही गोष्ट आहे, आणि दुखणंही तेच.

मागच्या पाच वर्षांचं काऊंटीचं उत्पन्न घ्यायचं, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी अशी दोन वर्षं सोडायची, उरलेल्या तिन्हींची सरासरी काढायची. देशाच्या भावाचीही तशीच. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या काऊंटीची नेहमीची एकरी मिळकत. तिच्या ८६ टक्क्यांपर्यंत हमी होती, २०२५ च्या कायद्याने ती ९० टक्के केली. त्या वर्षाची काऊंटीची मिळकत हमीच्या खाली गेली तर तूट मिळते. तिलाही कमाल मर्यादा आहे: आधी नेहमीच्या मिळकतीच्या १० टक्के, आता १२ टक्के.

समजा आपल्या काऊंटीचं नेहमीचं उत्पन्न ५० बुशेल आणि नेहमीचा भाव ११ डॉलर. एकरी मिळकत ५५० डॉलर, हमी ४९५ डॉलर. यंदा पावसाने ओढ दिली, काऊंटीचं उत्पन्न ४२ वर आलं आणि भाव १० राहिला. मिळकत ४२०. तूट ७५ डॉलर, पण कमाल मर्यादा ५५० च्या १२ टक्के, म्हणजे ६६ डॉलर. आपल्या १७० एकरांवर ११,२२० डॉलर होतात.

रस्त्यापलीकडे दुसरी काऊंटी सुरू होते. तिचंही नेहमीचं उत्पन्न ५०, पण तिच्या दुसऱ्या टोकाला वेळेवर पाऊस झाला आणि सरासरी ५० वरच राहिली. मिळकत ५००, हमीपेक्षा पाच डॉलर जास्त. तिथे कोणालाच काही मिळत नाही. रस्त्यालगतच्या शेताचं पीक अलीकडच्या शेताइतकंच वाळलेलं असलं तरी नाही. आणि अलीकडच्या काऊंटीत ज्याच्या शेतावर नेमका पाऊस पडला आणि ५५ बुशेल पिकलं, त्याला एकरी ६६ डॉलर मिळतात.

ही तक्रार योजना सुरू झाल्यापासून आहे. शेजारच्या काऊंट्यांच्या रकमांत इतकी तफावत निघाली की उत्पन्नाचे आकडे आणायचे कुठून यावरच वाद झाला. तेव्हा सरकारी सांख्यिकी विभागाच्या पाहणीतले आकडे आधी धरत. पुरेसे शेतकरी उत्तर देत नसतील तर काही काऊंट्यांचा आकडा प्रसिद्धच होत नसे आणि दुसरीकडून उसना घ्यावा लागे. २०१८ च्या कायद्याने पीकविम्याच्या नोंदींना प्राधान्य दिलं. त्याने आकडे सुधारले. काऊंटीची रेघ मात्र तिथेच आहे, आणि गारपीट काही रेघ पाहून होत नाही. छोट्या क्षेत्रावरच्या करडई-जवसासारख्या पिकांत ही अडचण जास्त, कारण काऊंटीत मोजके शेतकरी असले की सरासरीच डळमळते.

प्रश्न पडेल, मग एकट्याच्या नुकसानीचं काय? त्यासाठी पीकविमा आहे. विमा कंपन्या खासगी, पण हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं आणि तिथे शेतकऱ्याचं स्वतःचं उत्पन्न मोजता येतं. माझ्या मते अमेरिकी शेतकऱ्याचं खरं संरक्षण हे आहे. आपण ज्या तक्त्यांबद्दल बोलतो आहोत त्यांतल्या रकमा त्याच्या वरच्या आहेत.

मग अचानक येणारे पैसे

काऊंटीचा तक्ता वर्षवार पाहिला तर २०१८ ते २०२० मध्ये उंच सुळके दिसतात. त्यांचं कारण वेगळं आहे. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयात शुल्क लावलं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं. शेतीखात्याने काँग्रेसकडे न जाता, कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनच्या अधिकारात मदत जाहीर केली. २०१८ मध्ये सोयाबीनला प्रत्यक्ष उत्पादनावर बुशेलमागे १.६५ डॉलर दिले. इथे नोंदीतले एकर नव्हते, खरा माल मोजला गेला. २०१९ मध्ये पद्धत बदलून काऊंटीवार दर लावला, एकरी १५ ते १५० डॉलर. पात्र पिकांपैकी कोणतंही पेरलं तरी काऊंटीचा दर एकच. दर ठरला त्या काऊंटीत पूर्वी कोणती पिकं होती आणि त्यांना व्यापारयुद्धाची झळ किती, यावर. त्यामुळे एकाच राज्यात, एकच पीक पेरूनही दोन काऊंट्यांतल्या शेतकऱ्यांना वेगवेगळे पैसे मिळाले. २०२० च्या आकड्यांत महामारीची मदतही मिसळलेली आहे.

२०२५ मध्ये पुन्हा तेच. आधी २०२४ च्या पेरणीवर सोयाबीनला एकरी २९.७६ डॉलर आणि कॅनोलाला ३१.८३ डॉलर दिले गेले. मग चीनने अमेरिकी सोयाबीनची खरेदी कित्येक महिने थांबवली आणि डिसेंबरमध्ये १२ अब्ज डॉलरची नवी मदत जाहीर झाली, त्यात सोयाबीनला एकरी ३०.८८ डॉलर. संकटाचं कारण सरकारी धोरण, आणि त्यावर उताराही सरकारी चेक. बहुतेक शेतकरी संघटनांनी दोन्ही वेळी हेच सांगितलं की आम्हाला मदतीपेक्षा बाजारपेठ हवी. मला ते मनापासूनचं वाटतं, कारण एकदा ब्राझीलकडे वळलेलं गिऱ्हाईक परत आणणं चेक लिहिण्याइतकं सोपं नसतं.

पैसे शेवटी कोणाच्या हातात

अमेरिकेतली सुमारे ४० टक्के शेतजमीन भाड्याने कसली जाते. रोख भाडं असेल तर अनुदान कसणाऱ्याला मिळतं, वाट्याने असेल तर मालक आणि कसणारा वाटून घेतात. पण बेस एकर जास्त असलेल्या जमिनीचं भाडंही जास्त असतं. त्यामुळे चेक कसणाऱ्याच्या नावाने निघाला तरी त्यातला काही भाग भाड्यातून मालकाकडे सरकतो. हा मालक पुष्कळदा गाव सोडून शहरात राहणारा वारस असतो. भाड्याने जमीन घेऊन उभा राहू पाहणाऱ्या तरुण शेतकऱ्याला म्हणूनच ही मदत वाटते तेवढी पोचत नाही.

एका व्यक्तीला या योजनांतून वर्षाला किती मिळावं यावर मर्यादा आहे. ती १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली. ज्याचं सरासरी वार्षिक उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर, तो सर्वसाधारणपणे अपात्र. पण कौटुंबिक भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा स्वतंत्र धरतात, आणि २०१८ पासून पुतणे, भाचे, चुलत-मामे भावंडंही कुटुंबात मोजली जातात. रक्कम एकरांच्या प्रमाणात असल्याने मोठ्या शेतकऱ्याकडे मोठा हिस्सा जाणं तर ओघानेच आलं. यातलं काहीच कायदा तोडत नाही. मर्यादा लिहिणाऱ्यांनीच तिला इतकी दारं ठेवली, हे मला खटकतं.

तक्ता हाती घेतला तर

पहिलं, वर्षं सरकलेली असतात. सोयाबीनचं विपणन वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट चालतं, सरासरी भाव ते संपल्यावरच ठरतो. म्हणून २०२५ च्या पिकाचे पीएलसी किंवा एआरसीचे पैसे ऑक्टोबर २०२६ नंतर निघतात. दुष्काळाच्या वर्षासमोर शून्य आणि पुढच्या चांगल्या वर्षासमोर मोठी रक्कम दिसली तर ती चूक नव्हे. दुसरं, 'सोयाबीन' या नावासमोरचे पैसे सोयाबीन पेरणाऱ्याचेच असतील असं नाही. ते सोयाबीनच्या बेस एकरांचे आहेत. तिसरं, संकटकाळातली मदत आणि कायमची योजना वेगळी करून पाहायची, नाहीतर व्यापारयुद्धाची भरपाई शेतीच्या नावावर जमा होते.

आणि विमा त्या नावानिशी यादीत नसतो. पीकविम्याच्या हप्त्यात सरकारने कोणासाठी किती भरले हे नावाने उघड करायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, काऊंटीची बेरीज तेवढी मिळते. म्हणजे सरकारी आधाराचा एक मोठा हिस्सा नावाशिवाय राहतो. नव्या कायद्याने देशभर तीन कोटींपर्यंत नवे बेस एकर द्यायची सोय केली आहे, आणि त्यासाठी २०१९ ते २०२३ ची पेरणी पाहिली जाणार आहे. वर्षानुवर्षं सोयाबीन किंवा कॅनोला पिकवूनही नोंद नसलेल्या शेतकऱ्यांना त्यातून पहिल्यांदा जागा मिळू शकते. कोणत्या काऊंटीला त्यातले किती एकर मिळतात, हे येत्या काही वर्षांच्या तक्त्यांत पाहण्यासारखं असेल.